कपाट पाहण्याचा कार्यक्रम

दिनकरराव पाटसकर कपाटासमोर कपाटाला नावे ठेवत नाहीत. दोष सांगायचाच झाला, तर ते दुकानदाराचे कोपर धरून त्याला बाहेर रस्त्यावर नेतात, रिक्षांच्या भोंग्यांत त्याच्या कानाशी लागतात आणि म्हणतात, "पाठीची फळी बदललेली आहे. पण आत गेल्यावर बोलू नका." मग दोघे आत येतात आणि दिनकरराव कपाटाकडे पाहून, यजमानांचा निरोप घेताना हसतात तसे हसतात.

हे गृहस्थ माझे शेजारी. नारायण पेठेत एकाच मजल्यावर आमची दारे समोरासमोर आहेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, लग्न केले नाही, आणि थोरल्या भगिनी सुमनताई यांच्यासह राहतात. सुमनताई कन्याशाळेत शिक्षिका होत्या. त्या चालताना डाव्या पायाने किंचित लंगडतात. बोलताना कोणत्याही बाजूने लंगडत नाहीत.

प्रस्तुत लेखक जिल्हा कचेरीबाहेर टंकयंत्र घेऊन बसतो व लोकांचे अर्ज लिहून देतो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे मी सरकारी उत्तरे वाचून पूर्ण केले. हे सांगण्याचे कारण असे की, सदर प्रकरणात माझा सहभाग शेजारधर्माचा नसून व्यावसायिक होता.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी दिनकररावांनी जाहीर केले, की घरात काचेच्या दारांचे एक जुने, शोभेचे कपाट हवे. "ताईच्या वस्तू मांडायच्या आहेत," एवढेच कारण त्यांनी दिले.

"माझ्या वस्तू ट्रंकेत सुखात आहेत," सुमनताई म्हणाल्या.

काळ अशा खरेदीस प्रतिकूल होता. देशात नवा पैसा आला, तेव्हा आमच्या पेठेने शिसवी कपाटे भंगारवाल्याच्या हातगाडीवर घातली आणि सनमायका लावलेली घरात आणली. पुढे त्याच घरांतली मुले खराडीच्या कंपन्यांत लागली आणि तीच कपाटे, मधल्या दुकानदाराचे कल्याण करून, परत विकत घेऊ लागली. याला उदारीकरण म्हणतात असे मला वाटते.

दिनकरराव मात्र कपाट विकत घ्यायला जात नसत. ते कपाट पाहायला जात. त्या दिवशी दाढी, इस्त्रीचा सदरा, खिशात टेप. मंडईमागे मुनीरभाईंचे जुन्या लाकडी सामानाचे दुकान आहे. तिथे पोचल्यावर ते कपाटासमोर स्टुलावर बसत, आणि पाणी पिऊन झाल्यावर चौकशी सुरू होई.

"घर कुठलं?"

"सदाशिव पेठेतलं, साहेब. वकिलांचं."

"वय?"

"सत्तरच्या वर असेल."

मग दार उघडून मिटून पाहायचे, बिजागरी पितळी की पितळेचा मुलामा दिलेली ते नखाने तपासायचे, खण बाहेर काढून त्याचा वास घ्यायचा. कोपऱ्यात खिळे दिसले की दिनकररावांचा चेहरा पडे, कारण जुना सुतार लाकडात लाकूड अडकवून सांधा करतो, खिळा मारत नाही. काचेतून पलीकडचे जरासे हलताना दिसले, तर काच जुनी. एकदा एका कपाटावरून ओला रुमाल फिरवून त्यांनी मुनीरभाईंना रस्त्यावर नेले. नवे लाकूड चहाच्या पाण्याने रंगवलेले होते. "पावडर थापून बसवलंत," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला त्या बिचाऱ्याची तरी काळजी वाटायला हवी होती."

मुनीरभाई शेवटी कंटाळून म्हणाले, "साहेब, कपाट घ्यायचंय की सून आणायचीय?"

"सून हल्ली स्वतः निघून जाऊ शकते," दिनकरराव म्हणाले. "कपाटाला ती सोय नाही." आणि उठताना नेहमीचा शब्द उच्चारला, "कळवतो."

पुण्यात 'कळवतो' याचा अर्थ काय, हे पुण्यात कोणी विचारत नाही. परंतु दिनकरराव खरोखर कळवत. संध्याकाळी ते माझ्याकडे येत आणि नकाराचे पत्र टंकलिखित करून घेत, कार्बन प्रतीसह. मायना माझा, आग्रह त्यांचा. 'आपले येथील दोनदारी कपाट समक्ष पाहिले. कपाट सर्वार्थाने उत्तम असून त्यात कोणताही दोष आढळला नाही. केवळ आमच्या घराशी योग जुळत नसल्याने नाइलाज आहे. त्यास उत्तम स्थळ लाभो, ही सदिच्छा.'

"अहो, पाच मिनिटांवर दुकान आहे," मी एकदा म्हणालो. "भंगाराच्या दुकानदाराला टपालानं नकार कोणी पाठवतं का?"

"कळवतो म्हटलं की कळवायचं असतं," ते म्हणाले. "तुम्ही 'सदिच्छा' नीट उठलंय का बघा."

सहा वर्षांत अशी एकवीस पत्रे गेली. दोन कपाटे त्यांना मनापासून आवडली होती. पण होकारही पत्रानेच द्यायचा या हट्टापायी मसुदा ठरेपर्यंत ती खराडीला पोचली. इकडे सुमनताई पंच्याहत्तरीला आल्या, गुडघे बोलू लागले, आणि एकदा चहा देता देता त्या म्हणाल्या, "दिनू, कपाट माझ्या वस्तू ठेवायला आणतोयस की माझा फोटो ठेवायला, तेवढं ठरव. म्हणजे मला घाई करायची की नाही ते कळेल."

दिनकररावांनी त्या दिवशी चहा तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात मुनीरभाईंचा फोन आला. मांजरी गावी एका ऊस बागायतदाराचे जुने घर पाडून तिथे फ्लॅटची स्कीम होणार होती, आणि त्या घरातले शिसवी कपाट दुकानात आले होते. अशा कार्यक्रमाला एक जाणता माणूस सोबत असावा लागतो, म्हणून दिनकररावांनी मला घेतले. आणि प्रथमच सुमनताईंनाही. "वस्तू तुझ्या आहेत," ते म्हणाले. "तू बघ."

कपाट देखणे होते. काळेभोर शिसव, दोन दारे, माथ्यावर कोरलेली द्राक्षाची वेल. काचेतून पाहिले तर मुनीरभाई पाण्याखाली उभे असल्यासारखे दिसत. एकच गोष्ट होती. पुढचा डावा पाय बोटभर आखूड होता. त्याखाली फरशीचा तुकडा सरकवला होता, तोही नीट बसला नव्हता.

दिनकररावांनी तो पाय पाहिला. ते उठले आणि मुनीरभाईंचे कोपर धरणार, एवढ्यात दारातून एक तरुण जोडपे आत आले. दोघांच्याही गळ्यात कंपनीची ओळखपत्रे होती.

"वॉव, हे बघ ना," मुलगी म्हणाली. "आत लाइट्स टाकले तर मस्त दिसेल."

मुलाने मोबाइलवर फोटो काढला, तो मोठा करून पाहिला. "पण खूप डार्क आहे गं. आपल्या वॉल्सना नाही जाणार."

"हो ना. आणि हे बघ, एक पाय शॉर्ट आहे." तिने दाराला हात लावला तसे कपाट डुगडुगले, आणि दारांच्या काचा किणकिणल्या.

"भैया, ये तो डिफेक्टिव्ह है," मुलगा मुनीरभाईंना म्हणाला. मग आम्हा वृद्धांची त्याला दया आली असावी. "काका, तुम्ही घेताय का हे? नका घेऊ. लंगडं आहे."

मुलगा सज्जन होता. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. दिनकरराव कपाटाकडे पाहत नव्हते, बहिणीकडेही पाहत नव्हते. ते फरशीच्या तुकड्याकडे पाहत होते.

"बरे आहेत की हे," सुमनताई म्हणाल्या. "तोंडावर सांगतात."

मुनीरभाई सवयीने रस्त्याकडे निघाले. "या ना साहेब, बाहेर बोलू."

"बाहेर नाही," दिनकरराव म्हणाले. त्यांनी स्टूल बाजूला सारले आणि कपाटासमोर उभे राहून, नोंदणी कार्यालयात साक्ष देतात तशा आवाजात म्हणाले, "पसंत आहे. कळवायचं काही नाही. आत्ता सांगतोय. पसंत आहे."

कपाटासोबत टेम्पोत दिनकरराव बसले. मी आणि सुमनताई रिक्षाने निघालो. लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला त्या आपण होऊन बोलू लागल्या.

"मला बघायला पुष्कळ येऊन गेले. टेबलावर माझं विणकाम, मण्यांचं काम मांडलेलं असायचं. हे सगळं मुलीनंच केलंय, म्हणून आई सांगायची. मग चालून दाखवायचं. माणसं हसून 'कळवतो' म्हणायची आणि जिना उतरताना बोलायची. त्यांना वाटायचं, वर ऐकू येत नाही."

"आणि कळवायचे नाहीत," मी म्हणालो.

"एकानंही नाही. दिनू दहा वर्षांचा असेल. रोज पोस्टमनला गाठायचा, आणि रिकाम्या हातानं वर आला की मलाच समजावायचा, उद्या येईल म्हणून." त्यांनी पदर सारखा केला. "मला त्या मेल्यांचं काही वाटलं नाही. याचंच वाटायचं."

एकवीस पत्रांचा मी लेखक. मायना तर माझाच होता. त्यांचा खरा पत्ता मला त्या सिग्नलला कळला.

कपाट वर चढले. सुताराने पाहणी करून तोडगा सुचवला, की उरलेले तीन पाय तासून सारखे करू. "त्याचे चांगले पाय कशाला कापता?" दिनकरराव गरजले. सुमनताई आतून एक फाइल घेऊन आल्या. तीत माझ्या एकवीसही पत्रांच्या कार्बन प्रती, दिनांकवार लावलेल्या. त्यांनी त्या सगळ्या एकत्र करून आठ पदरी घडी घातली आणि आखूड पायाखाली सरकवली. कपाट तसूभरही हलेना. माझ्या लेखनाने आजवर अनेक कामे मार्गी लागली आहेत, पण इतका भक्कम आधार कोणालाही दिल्याचे मला स्मरत नाही.

मग त्यांनी ट्रंक उघडली. मण्यांचा मोर, क्रोशाचे रुमाल, कापडाचा पोपट, ज्याची चोच पिवळी पडली होती. एकेक वस्तू काचेआड ठेवून झाल्यावर त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "आता नावं ठेवायची असतील तर दोघांनी जिन्यात जाऊन ठेवा. रीत आहे तुमची."

दिनकररावांनी खरोखरच माझे कोपर धरले, मला बाहेर जिन्यात आणले आणि दार लोटून घेतले. ते माझ्या कानाशी लागले. मी कोणता दोष निघतो याची वाट पाहत उभा राहिलो.

"सुंदर आहे हो," ते म्हणाले. "सगळं सुंदर आहे."

आतून सुमनताईंचा आवाज आला, "ऐकू आलं."