विषाणूची सासू

विषाणू काही केल्या मरत नव्हता, आणि डॉक्टरीणबाई नाल्वेयिसो यांचा जीव टांगणीला लागला होता.

मसाका शहराजवळच्या त्यांच्या संशोधन केंद्राच्या अंगणात गावकऱ्यांना लस समजावणारं नाटक चाललं होतं. पार केळीच्या बागेपर्यंत माणसं दाटली होती. पहिल्या रांगेत व्हिटकॉम साहेब बसले होते. एचआयव्हीच्या लसीसाठी पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेचे हे साहेब. आजवर बाईंनी रक्ताचे नमुने बर्फात घालून साहेबांच्या देशी पाठवायचे आणि शोध तिकडे लागायचे, असा रिवाज होता. आता बाईंनी लुसाकाच्या डॉक्टर चिलुफ्यांशी हातमिळवणी करून कळवलं होतं, की लस आम्हीच शोधू, तुम्ही पैसे तेवढे द्या. "तुम्हाला झेपतं का ते आधी बघतो," म्हणून साहेब आले होते. ते नाराज होऊन परतले, की बाईंनी पुन्हा जन्मभर बर्फच भरायचा.

नाटक तसं साधं होतं. विषाणू म्हणजे कयेंबा खाटीक. त्याच्या अंगात लाल पोतं, त्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचं टाचलेली. लस म्हणजे कागवा मास्तर, पांढरा कोट घालून, सायकलचा पंप घेऊन. मास्तरांनी पंप मारायचा, कयेंबाने तडफडून मरायचं. तालमीत तो इतका सुरेख मरायचा, की बायका डोळे पुसायच्या.

पण आज ऐन मरणाच्या वेळी साहेबांशेजारच्या रिकाम्या खुर्चीत महिला मंडळाच्या अध्यक्ष नांतेझा येऊन बसल्या. या कयेंबाच्या सासूबाई. इथल्या गंडा जमातीत जावयाने सासूसमोर उभं राहायचं नसतं, आणि तिला शिवायचं तर नावच नको. शिवला तर जन्मभर हात थरथरतात म्हणे. कयेंबा टुणकन मास्तरांच्या पाठीमागे लपला. मास्तर वळले, तसा तोही वळला.

"अरे मर ना लेका!" मास्तर दातओठ खाऊन म्हणाले.

"सासूच्या पायाशी? असा उताणा? माझे हात थरथरायला लागले तर उद्या मटण तुम्ही तोडणार?"

"मग मी टोचू कुणाला?"

"हवेत टोचा!"

लोक हसून लोळायला लागले. साहेब मात्र खुर्चीत ताठ झाले. "कमाल आहे! खरा विषाणूसुद्धा शरीरात असाच दडी मारून बसतो. हे मुद्दाम घातलंत का?"

"अगदी मुद्दाम," बाई म्हणाल्या आणि शेजारी बसलेल्या चिलुफ्यांच्या कानाला लागल्या, "याला झालंय काय हो?"

चिलुफ्यांनी खुर्चीकडे एक नजर टाकली. "त्या बाई याच्या सासू आहेत का?"

"अरे देवा! आमंत्रण मीच दिलं त्यांना."

"मग याला बाहेर कसं काढणार?" साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाह्या सरसावल्या. "थांबा, आमची पद्धत दाखवतो." त्यांनी कयेंबाचं पोतं धरून त्याला ओढलं ते थेट नांतेझांच्या दिशेने. कयेंबाने हंबरडा फोडला. साहेबांना बुचं टोचली, ते चिखलात बसले, आणि विषाणू पाहुण्यांच्या टेबलाखाली शिरला.

"शिवला! शिवला!" बायका किंचाळल्या.

"नाही शिवलो, आईशप्पथ!" टेबल ओरडलं.

मास्तर टेबलाला पंप मारत सुटले. बाईंनी त्यांच्या अंगातला कोट ओरबाडून काढला आणि नांतेझांच्या खांद्यावर टाकला.

"आता लस तुम्ही. एवढं टेबलापर्यंत चालत जा."

"जावयाच्या अंगावर? लाज आहे हो मला!"

"शिवू नका, बघूही नका. पण जा. माझी सगळ्या आयुष्याची मेहनत त्या टेबलाखाली बसलीय." बाई अजिजीने म्हणाल्या.

नांतेझा विरघळल्या. पण रीत ती रीत. त्यांनी टेबलाकडे पाठ फिरवली, डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढला आणि उलट्या पावलांनी चालू लागल्या. पांढरा कोट जवळ येताना दिसला मात्र, टेबल उठलं. सोड्याच्या बाटल्या सांडत ते केळीच्या बागेतून पळालं आणि कंपालाच्या रस्त्याला लागलं. टाळ्यांनी अंगण दणाणलं.

साहेब चिखल झटकत उठले. "न टोचता? न शिवता? अहो, ही लस आणलीत कुठून?"

"इथलीच आहे."

"आमच्याकडे पाठवता येईल? बर्फात घालून?"

बाईंनी नांतेझांकडे पाहिलं. नांतेझांनी डोळे वटारले होते.

"नाही साहेब. ही इथेच काम करते. तुम्ही पैसे पाठवा."

"लुसाकातही करेल," चिलुफ्या म्हणाले. "सासवा तिथेही आहेत."

साहेब पोट धरून हसले. जाताना गाडीत चढता चढता म्हणाले, "पैसे येतील. शोध तुम्हीच लावा." मग काच खाली करून त्यांनी विचारलं, "पण परिणाम किती दिवस टिकतो हिचा?" बाईंनी नुसता हात हलवला.

पैसे आले. बाई नव्या शीतपेटीचं खोकं उघडत होत्या, तोच कयेंबाची बायको तणतणत दारात आली.

"डॉक्टरीणबाई, आई कोट काढायला तयार नाही. घालूनच गावभर हिंडते. आणि तुमचा विषाणू अजून गावात पाऊल ठेवत नाही. दुकान बंद पडलंय माझं. हे असं किती दिवस चालणार, सांगा ना?"

बाईंनी खोकं खाली ठेवलं.

"ते अजून कुणालाच ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर पैसे घेतलेत."