डबा कोणी धरायचा?

नियोजन करावं तर मीच! समान हक्क दिनाला नुसत्या भाषणांना टाळ्या पिटायच्या नाहीत, अंग मोडून काम करायचं, असं मी गल्लीतल्या पोरांना ठणकावलं. बाकीच्यांना वाचनालयाचं अंगण झाडायला लावलं आणि मागची मळकी भिंत स्वतःकडे घेतली. पांढऱ्या रंगाची परवानगी मी काढली, ब्रशही मीच धरला. धाकट्या भावाकडे डबा दिला.

"ताई, मला दे ना जरा ब्रश."

"तू ओघळ पाडशील. डबा धर!"

"इथं पुसट लाल रंगात काहीतरी लिहिलंय गं."

"त्यालाच घाण म्हणतात! खरवड!"

त्यानं खरवडलं, मी वर दोन हात दिले. भिंत अशी उजळली की मीच माझ्यावर खूश झाले.

तेवढ्यात आमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आजी आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फूल. मला वाटलं, फूल माझ्यासाठी! मी हात पुढे केला.

"अगं, भिंत कुठं गेली?"

"हीच की, आजी! ओळखू येत नाही ना?"

"माझ्या ताईचं अक्षर होतं इथं."

माझा हात तसाच राहिला. आजींनी सांगितलं, त्यांच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसांना वाचनालयाची पायरी चढू देत नसत. म्हणून पहाटे पहाटे येऊन दोघी बहिणींनी इथं 'दार सगळ्यांचं आहे' असं लिहिलं होतं. ताई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि समान हक्क दिनाच्या मुहूर्तावर मी ते पुसलं होतं!

मी ओलं फडकं घेऊन भिंतीवर तुटून पडले. भिंत गुलाबी झाली.

"ताई, थांब! आता विटा निघतील!" भाऊ ओरडला.

मला रडूच कोसळलं. अगदी हुंदके देऊन रडले.

"गप गं," आजी म्हणाल्या. "त्या लोकांनी सात वेळा पुसलं, ताईनं आठ वेळा लिहिलं. लाल रंग आणा."

भाऊ धावत जाऊन रंग घेऊन आला. हात मोकळा करायला आजींनी फूल माझ्या केसांत खोचलं आणि ब्रश उचलला. त्यांचे डोळे लकाकत होते.

"तेव्हा डबा मीच धरायचे. ताई ब्रश द्यायचीच नाही. म्हणायची, तू ओघळ पाडशील!"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं त्याच्या हातातला डबा घेतला. आजींनी दोन शब्द लिहिले आणि शेवटच्या शब्दाला ब्रश त्याला दिला. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, इतका आनंदला होता.

शब्द पुरा होतो न होतो तोच वाचनालयाच्या रखवालदाराची शिट्टी वाजली. भावानं ब्रश माझ्या हातात कोंबून धूम ठोकली. पाठोपाठ आजी! एक पायरी चढायला दोनदा थांबणारी बाई, काठी काखेत मारून पळाली.

"तेव्हाही ताईच सापडायची गं!" कोपऱ्यावरून आजींचा आवाज आला.

"परवानगी पांढऱ्या रंगाची होती," रखवालदार म्हणाला. "हे कोणी लिहिलं?"

"मी!" मी ताठ मानेनं सांगितलं.

त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत नीट वाचली. मग माझ्याकडे पाहून हळहळला.

"लिहिलंयस चांगलं. पण केवढे ओघळ पाडलेस, पोरी!"