वाटाड्या यंत्राच्या निवडीची व जोडसायकलीच्या स्वारीची हकीकत

थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या. आम्हांस एवढाच मामला ठाऊक, आणि तोही पुरता ठाऊक आहे की नाही याची धास्ती वाटते. तथापि घडले ते विस्मरणात जाऊ नये, म्हणोन लेखणी धरिली. उणेअधिक जाणत्यांनी पोटात घालावे.

निवृत्त ग्रंथपाल साहेब आणि त्यांच्या पत्नी बाईसाहेब यांजपाशी एक जोडसायकल होती. पुढील आसनी साहेब, हँडल व ब्रेकांचे मुखत्यार. मागील आसनी बाईसाहेब, पायडलांच्या निम्म्या धनी, आणि चढावर निम्म्याहून अधिक. मागील साली तळ्याकाठी बाईसाहेबांच्या थोरल्या बहिणीकडे जेवावयास स्वारी निघाली, आणि साहेबांनी वाट चुकविली, आणि मग फौज सांडपाण्याच्या कुंडाशी जाऊन ठेपली. तेथे साहेब बोलिले, "पाणी तर आहे ना!" हे बोलणे फार महागात पडले. बाईसाहेबांचा हुकूम जाहला की, यंदा एकवार जरी वाट चुकली तरी आम्ही तेथूनच बस धरू, आणि सायकल विकोन टाकावी. साहेबांस एकट्याने सायकल हाकण्यात काडीची गोडी नव्हती, सबब प्रसंग बाका जाहला. मग उत्तम यंत्र मिळवावे, ऐसी मसलत ठरली.

प्रथम चुंबकाचा मीटर रुजू जाहला. चाक फिरे तैसे तो अंतर मोजी. परंतु किती आलो ते सांगे, कोठे आलो याची त्यास खबर नसे. बाईसाहेब बोलिल्या, "अगदी तुमच्यावर गेलाय." तो नामंजूर जाहला. दुसरा उमेदवार साहेबांचा मोबाईल. जाणता खरा, परंतु उन्हात तापला की मूर्च्छा येई, आणि ऐन वळणावर कर्ज देऊ करणारांशी बोलत बसे. मग आगपेटीएवढे एक यंत्र आले, त्याचे संधान थेट उपग्रहांशी, आणि त्याच्या पोटी गल्लीबोळ, चढउतार, पाणवठे समस्त. साहेबांनी जेवणाच्या टेबलावर माहितीपुस्तिका तळटीपांसह वाचिली, आणि थोरल्या बहिणीकडील मार्ग आखिला, आणि बाण लख्ख दिसला. मग यंत्र पुढील हँडलावर चढवून कूच केले.

पहिल्याच तिठ्यावर यंत्राने चीं केले. साहेबांनी खाली पाहिले. टेबलावर नाकी होता तो जवळचा चष्मा. येथे होता लांबचा. रस्ता स्वच्छ, पडद्यावर निव्वळ धुके. महिनाभर यंत्राची पारख जाहली, डोळ्यांची कोणी केली नाही.

"अहो, काय म्हणतंय ते?"

"डावीकडे... वाटतं."

"दिसतंय की वाटतंय?"

साहेबांनी चालत्या सायकलीवर चष्मा बदलिला. तो बाण दिसला आणि दुभाजक दिसेनासा जाहला, आणि मग सायकल दुभाजकास भिडली. कोणास इजा नाही. बाईसाहेब उतरल्या. समोर बसथांबा, आणि बसही येत होती.

साहेबांनी शस्त्र खाली ठेविले. "मला ते वाचताच येत नाहीये गं. तू जाऊ नकोस."

बाईसाहेब बोलिल्या, "मग आधी नाही का सांगायचं? लावा माझ्या हँडलावर. मला कुठे रस्ता बघायचाय! मी आपली सदा तुमची पाठ बघते. जरा वेगळं काहीतरी दिसेल."

ड्रायव्हराने विचारिले, "येताय का?" बाईसाहेबांनी हाताने बस वाटेस लाविली, पर्समधून आपला जवळचा चष्मा काढिला, आणि मग मागील आसनावरून फर्माने सुटो लागली. "आता डावीकडे. अहो, डावीकडे म्हटलं मी!" साहेब वळत गेले. चुकामूक न होता स्वारी दोन प्रहरी थोरल्या बहिणीच्या फाटकात दाखल जाहली.

तेथे जेवणाआधीच तह ठरला तो ऐसा: विक्रीचा हुकूम रद्द; वाटेचा अखत्यार मागील आसनी; पुढील आसनी ब्रेक व घंटी. येणेप्रमाणे मोहीम फत्ते. परतीच्या वाटेवर चिटपाखरू नसताही साहेब घंटी वाजवीत आले, ऐसे खात्रीलायक कळते.