दहा म्हणजे दहा

"यंदा हरायचंच असं ठरवलं, तरी मला हरता येणार नाही!" असे अँब्रोज चिलकॉट यांनी न्याहारीच्या टेबलावर जाहीर केले. टोस्टला लोणी लावता लावता त्यांची पत्नी हेस्टर म्हणाली, "गेल्या वर्षीही हेच वाक्य होतं ना?"

होते. अठरा वर्षे होते. कँबरीच्या मैदानावर दर डिसेंबरात नवशिक्या जॉकींसाठी अडथळ्यांची एक शर्यत होत असे. तीत सरस घोड्याच्या खोगिरात जास्त शिसे भरत, म्हणजे दुबळ्या घोड्याच्या धन्यालाही आशा वाटावी. घोडे तयार करण्यात हयात घालवलेल्या चिलकॉटना त्या आशेने अठरा वेळा तोंडघशी पाडले होते. यंदा हेस्टरची अट होती : जिंकला नाहीस, तर तबेल्याला कुलूप आणि उरलेले आयुष्य टॉर्कीला, तिच्या थोरल्या बहिणीकडे, समुद्र बघत. चिलकॉटना समुद्र आवडत नसे. त्याच्याशी वाद घालता येत नाही. मेहुणीशी घालता येई, परंतु जिंकता येत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या जॉकीने एक फेरी शिल्लक असतानाच शर्यत संपली असे समजून, हात उंचावून, घोडा थांबवला होता. म्हणून यंदाच्या जॉकीला, टॅमझिन पोर्लॉक या अत्यंत आज्ञाधारक मुलीला, त्यांनी फेऱ्या मोजण्याचीच मनाई केली.

"एका फेरीत अडथळे पाच, फेऱ्या दोन. म्हणजे उड्या दहा! दहावी झाली की घोडी सोड. तोवर?"

"लगाम आवळून, मालक."

"लोक ओरडले तर?"

"मी बहिरी."

"बाजूचे सुसाट सुटले तर?"

"त्यांची मोजणी चुकली."

"शाबास!"

"पण मालक, ऊन डोळ्यांत येतं म्हणून काही अडथळे वगळले तर? मागच्या महिन्यात नाही का..."

"ऊन? कँबरीत? पोरी, इथे नाताळाच्या आधी सूर्य पाहिला म्हणणारा माणूस खोटारडा समजावा! दहा म्हणजे दहा!"

घोडे सुरुवातीच्या जागेकडे निघाले आणि सूर्य आला. क्षितिजाला टेकलेला, घासलेल्या पितळी तबकासारखा, थेट घोड्यांच्या डोळ्यांत! ध्वनिक्षेपक खाकरला : प्रेक्षकांसमोरचे दोन्ही अडथळे दोन्ही फेऱ्यांत वगळण्यात येत आहेत.

चिलकॉटनी बोटांवर हिशेब केला. पाचांतून दोन गेले, तीन. तीन दुणे सहा.

"सहा!" ते किंचाळले. "टॅमझिन, सहा!"

ती अर्धा मैल दूर होती, आणि शिवाय बहिरी.

"ओरडतोस कशाला?" हेस्टर म्हणाली. "तिला वजाबाकी येत असेल की."

"येते गं! पण मीच तिला करू नको म्हटलंय!"

दुसऱ्या फेरीत सहावा अडथळा ओलांडून त्यांची घोडी गूसबेरी सर्वांच्या पुढे आली. मागच्यांनी चाबूक उगारले. टॅमझिन मात्र रविवारी चर्चला निघाल्यासारखी ताठ बसून, लगाम आवळून दौडत होती. चिलकॉट कठड्यावर चढले.

"सोड! घोडी सोड!"

तिने त्यांच्याकडे पाहिले आणि समजूतदारपणे मान हलवली. मालक परीक्षा घेताहेत, हे तिने ओळखले होते!

शर्यत संपण्याच्या खांबापाशी एका तपकिरी घोड्याचे नाक टीचभर पुढे गेले. गूसबेरी दुसरी.

बाकीचे थांबले, टॅमझिन थांबेना. सात. आठ. आता प्रेक्षकही मोठ्याने मोजू लागले. नऊ! लाल बावटा फडकवीत पंचांची मोटार मागे लागली, तेव्हा तिने चौथ्या फेरीतली दहावी उडी मारून घोडी खरोखरच सोडली, आणि मोटारीला सहज हरवले.

"मालक, सगळेच्या सगळे फसले!" धापा टाकत ती म्हणाली. "पूर्ण शर्यत मी एकटीच धावले!"

पंचांच्या खोलीत मात्र कोणी हसले नाही.

"घोडी जिंकत असताना तिला मुद्दाम आवरलं," मुख्य पंच म्हणाले. "चूक मुलीची असेल तर ती चाळीस दिवस घरी बसेल. सूचना तुमची असेल, चिलकॉट, तर तुम्ही."

"माझीच चूक, साहेब," टॅमझिन रडवेली होऊन म्हणाली. "वजाबाकी मी करायला हवी होती."

चिलकॉटनी एवढेच करायचे होते, की गप्प बसायचे. परंतु समोर कोणी चुकीचा मुद्दा मांडत असताना गप्प बसणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

"साफ चूक!" ते कडाडले. "हे तर्काला धरून नाही!"

आणि पुढची वीस मिनिटे, कलमवार आणि दाखल्यांसह, त्यांनी सिद्ध केले की आज्ञा पाळणारा निर्दोष असतो. की हिला शंका आली होती, ती त्यांनीच धुडकावली. की या प्रकरणात मूर्ख माणूस एकच आहे आणि तो या क्षणी बोलतो आहे. पंचांनी एकमेकांकडे पाहिले.

"मुद्दा मान्य," मुख्य पंच म्हणाले.

एकोणीस वर्षांत कँबरीच्या मैदानावर चिलकॉट प्रथमच जिंकले होते! चाळीस दिवस घोड्यांच्या आसपास फिरकायचे नाही, हे त्याचे बक्षीस.

बाहेर हेस्टर हातमोजे चढवीत उभी होती.

"ताईला फोन केलाय," ती प्रेमाने म्हणाली. "समुद्राकडची खोली झाडून ठेवतेय तुझ्यासाठी."

चिलकॉटनी तोंड उघडले. पण जवळचे सगळे मुद्दे मघाशीच खर्च झाले होते.