निवृत्तीमामांनी लावलेला दात

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याला माणसं कळायला हवीत, आणि मला ती अजून नीट कळत नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वरवंडला कोणी विचारलं तर वडील अजूनही ‘पोरगं शिरूरला थोरल्या शाळंत हाय’ असंच सांगतात. असा मी, कोणाचं काय चित्र काढणार? पण निवृत्तीमामांनी मला इतक्या वेळा हादरवलं आहे, की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मार्केट यार्डाच्या मागे त्यांचं घर होतं आणि परसात एक भाड्याची खोली. मी ती बघायला गेलो, तेव्हा नाव, गाव, जात, भाडं यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही. दारातच माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, “नीट धरता येती का?”

मी हो म्हणायच्या आत त्यांनी आ केला.

“डाव्या अंगाला. खाली. मागून दुसरा. गावला?”

मला घाम फुटला. अनोळखी माणसाच्या तोंडात मी पहिल्यांदाच डोकावत होतो.

“हिरडी कशी हाय? लाल का गुलाबी?”

“गुलाबी,” मी चाचरत म्हणालो.

“सुजल्याली न्हाई ना? मंग ऱ्हावा. खोली मागं हाय.”

आतून मामींचा आवाज आला, “आल्याल्या मानसाला पानी तरी द्या आधी, मंग जबडा दावा!” त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. पदराचं टोक तोंडावर धरलेलं होतं. मला वाटलं, नवीन माणूस म्हणून लाजतायत. पण पुढच्या काळातही, एक दुपार सोडली तर, तो पदर मी कधी खाली आलेला पाहिला नाही.

मामांचं नाव निवृत्ती, आणि माणूस निवृत्तही झालेला; पण दोन्ही गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या. उभी हयात त्यांनी एका रोपवाटिकेत मुकादमी केली होती. पिशव्या भरायच्या, रोपं वाढवायची आणि पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना ती टेम्पोतून पोहोचवायची. पाहुणे यायचे, हार घालून घ्यायचे, खड्ड्यात रोप ठेवायचे, फोटो निघायचा. दुसऱ्या वर्षी मामा नवी रोपं घेऊन जायचे तेव्हा तोच खड्डा त्यांची वाट बघत असायचा. त्यामुळे ‘रोपण’ हा शब्द ऐकला की त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी गेल्यासारखी कळा यायची. “रोप लावनं फोटोचं काम,” ते म्हणायचे, “जगवनं पान्याचं. तीन उन्हाळे काढलं तर झाड, न्हाईतर काडी.”

असा हा माणूस एक दिवस एसटी स्टँडकडून येत असताना एका दवाखान्यावरची नवी पाटी वाचून रस्त्यात उभाच राहिला. पाटीवर लिहिलं होतं : ‘येथे दंतरोपण केले जाईल.’ मागून आलेल्या सायकलवाल्यानं त्यांना धडक दिली तरी ते हलले नाहीत.

“मला वाटलं, संपलं!” मामा मला सांगत होते. “झाडं मारून झाली, आता दातांचा नंबर. मी तसाच आत घुसलो. म्हनलं, बाई, जगायचं परमान किती? बाई म्हनल्या, बहुतेक जगतात. म्हनलं, लावायला कोनबी लावतंय, पानी कोन घालनार? तर म्हनल्या, तुम्ही.”

आजवर कार्यक्रमाच्या कोणत्याही पाहुण्यानं त्यांना असं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मामांनी दात लावायचा ठरवला.

जबड्याच्या हाडात आधी एक स्क्रू बसवतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तो हाडात मुरायला काही महिने जातात, त्याच्यावर मग दाताची टोपी बसते. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात तो नीट धरत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मामांनी तरुणपणापासूनची तंबाखू त्या दिवशी सोडली. यार्डातल्या हमालांना हे खरंच वाटेना. दोघेजण तब्येतीची चौकशी करायला घरी येऊन गेले. एकानं तर मामींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मोठं काय निघालं न्हाई ना?”

दात बसल्यावर खरी मशागत सुरू झाली. मऊ ब्रश, तो पण हळू फिरवायचा. “मुळीला धक्का न्हाई लागला पायजे.” दाताभोवती बारीक दोरा घालून साफ करायचं, त्याला ते खुरपणी म्हणायचे. खुरपणी दर जेवणानंतर, मग जेवण कुठेही असो. न्हावऱ्याला एका लग्नात पंगत उठली आणि मामांनी मांडवाच्या खांबाला टेकून खिशातून दोरा काढला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ते दोरा मागेपुढे ओढायला लागले. नवरदेवाच्या मामाला वाटलं, कोणीतरी करणी करतंय. तो धावत आला. मामांनी त्याच्यासमोर आ केला आणि म्हणाले, “बॅटरी हाय का?”

वर्षातून दोनदा ते दात दाखवायला जायचे. एकदा सोबतीला मला नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, फोटो काढला, खूश झाल्या. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “बाई, टिकंल किती?”

“लिहून कोणी देत नाही, मामा. पण हाड छान धरलंय. वरची टोपी दहा-पंधरा वर्षांनी झिजेल, ती बदलता येते. आतला स्क्रू मात्र असाच सांभाळलात तर तुम्हाला पुरून उरेल.”

मामांचा चेहरा पांढरा पडला. स्टँडपर्यंत तरातरा चालत गेले. रसवंतीच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “बाई शिकल्याली हाय, पन बोलायची रीत न्हाई. मला पुरून ह्यो उरनार व्हय? आन् आमच्यात कुठं पुरत्यात? आमच्यात तर जाळत्यात!”

मी घाबरत घाबरत दोन्ही ‘पुरणं’ समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. “डाळ पुरती, पीठ पुरतं,” ते म्हणाले, “दात कशाला पुरंल? असो. उरंल म्हनल्या ना? उरू दे.”

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. एका दुपारी मात्र मामींनी मला हादरा दिला. मी ओट्यावर वाचत बसलो होतो, त्या आत जेवत होत्या. त्या कायम सगळ्यांच्या मागून, एकट्या जेवायच्या. पाण्याची कळशी ठेवायला आत गेलो तर त्यांनी भाकरी आमटीत पार कालवून तिचं पातळ पिठलं केलेलं होतं. पदर मांडीवर पडला होता. तोंडात खालचा एकही दात नव्हता. कवळी शेजारी पेल्यात पाण्यात पडलेली.

त्यांनी झटकन पदर ओढला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणाल्या, “मिश्रीनं खाल्लं बाळा सारं. कवळी केली, पन ती कुठं ऱ्हाती? बोलाय लागलं की माझ्या आधी तीच भायेर येती.” स्वतःच हसल्या. आणि हसणं एकदम थांबवून म्हणाल्या, “ह्यांनी सोताच्या तोंडात झाड लावलं. रोज पानी घालत्यात. माझं रान पडीक पडलंय, ते न्हाई दिसत.”

मला रात्रीचं जेवण गेलं नाही. इतक्या प्रेमानं एका दाताची उस्तवार करणाऱ्या माणसाला बायकोचं तोंड दिसू नये? मला बोलायचा काहीच अधिकार नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी घोडनदीच्या पुलावर फिरायला गेलो तेव्हा मी अडखळत विषय काढला. “मामा, ते मामींचं... म्हणजे दातांचं...”

मामा कठड्याला टेकले. “बोलली व्हय तुला?”

मी मान हलवली.

“माझ्या दातावाचून काय अडलं व्हतं रं? मागचा दात. किती वर्सं खिंडार व्हतं, कोन बघतंय? मी कार्यक्रमातली किती रोपं मरताना बघितल्यात. तिच्या तोंडात एकदम कसं लावू? आधी माझ्यात एक लावून बघितलं.”

“मामींसाठी?” मी विचारलं.

“बाईंनी सांगितलंय,” ते पुढे म्हणाले, “खालच्या जबड्यात दोन खुट्या रवायच्या, आन् कवळी वरनं टिचबटनासारखी दाबून बसवायची. मंग हालत न्हाई. पन ही भेती. दौंडात हिच्या भयनीचा दात काढला, तर जबडा सुजून महिनाभर पडून व्हती. तवापास्नं ही दवाखान्याची पायरी चढत न्हाई. तीन उन्हाळे माझा टिकला, तर म्हननार, चल, बघ, मेलो का मी?”

“मग हे मामींना सांगा ना!”

“सांगितलं तर म्हनंल, माझ्यापायी कशाला टोचून घेतलं. आन् रोप मेलं तर? मंग तर ती जल्मात जायची न्हाई.”

एका माणसाने दुसऱ्याच्या भीतीपायी स्वतःच्या हाडात स्क्रू मारून घ्यावा, आणि ते तिच्यापासूनच लपवावं, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

तिसरा उन्हाळा आला. माझी शेवटची परीक्षा जवळ आली होती. एका सकाळी मामांनी मला खुणेनं परसात बोलावलं. बॅटरी दिली.

“बोट लाव.”

मी बोट लावलं. दात हलत होता.

“आत्ताच डॉक्टरांकडे चला,” मी म्हणालो.

“गप! गेलो की गावभर व्हईल. सबंध शिरूरला माझा दात म्हाईत हाय. आन् ती आता कुठं व्हय म्हनाय लागलीय. काल म्हनली, तुमचा खरंच दुखत न्हाई ना? आता आसं कसं सांगू?” त्यांचे डोळे भरून आले होते. “येवढं पानी घातलं रं ह्याला!”

त्याच दुपारी ते मामींसमोर फुटाण्यांची पुडी घेऊन बसले. टणक काही फोडू नका असं बाईंनी हजारदा बजावलेलं. आजवर त्यांनी कडक शेवसुद्धा वर्ज्य केली होती. “बघ,” ते म्हणाले, आणि एक फुटाणा डाव्या बाजूला टाकून कडकन फोडला. “दगूड हाय नुसता!” दुसरा टाकला. कपाळावर घाम. तिसरा टाकला. मामी पदराआडून टक लावून बघत होत्या.

परीक्षा संपली आणि मी खोली सोडली. पुढे सणसवाडीला एका कंपनीत लागलो. शिफ्टमध्ये मशिनीसमोर उभं असतानाही मला तो दात आठवायचा. पडला असेल का? मामी गेल्या असतील का? की अजून एकट्याच मागून जेवत असतील? शिरूर फार लांब नाही, पण जायचं धाडस होईना. जाऊन काय बघावं लागेल, याची भीती वाटायची.

दिवाळी उलटून गेल्यावर सणसवाडीतल्या माझ्या खोलीशेजारच्या वाण्यानं हाक मारली. त्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन होता. पलीकडून एक खणखणीत बाई बोलत होती. मी विचारलं, “कोण पाहिजे?”

“आरं मी मामी! वळखलं न्हाई व्हय?”

खरंच ओळखलं नव्हतं. त्यांचा असा सुटा, स्वच्छ आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. खुट्या उन्हाळ्यातच बसवल्या होत्या, आणि आठ दिवसांपूर्वी त्या खुट्यांवर कवळीही बसली. “टिच वाजती अन् बसती,” त्या म्हणाल्या. “भाकरीचा पापुद्रा खाल्ला बाळा. करकरीत.”

“आणि मामांचा दात?” मी भीत भीत विचारलं.

“माझ्या खुट्या बसल्या आन् लगीच ह्यांनी खुर्चीत बसून आ केला. बाई लई बोलल्या. टोपी धरनारा बारका स्क्रू सैल झाला व्हता म्हनं, हाडातलं मूळ घट्टच व्हतं. पिळला, बसला. म्हनल्या, हालला की त्याच दिशी यायचं, दडवून ठेवलं तर असलेलं हाडबी जातं. मान खाली घालून ऐकत व्हते.”

“म्हणजे तुम्हाला दवाखान्यात गेल्यावर कळलं!”

मामी हसल्या. पदराआडून नाही, मोकळ्या. “फुटानं खाताना टिकटिक वाजत व्हता की! मला तवाच कळलं.”

मी फोन घट्ट धरला. “कळलं होतं? हलतोय हे माहीत असून तुम्ही गेलात?”



“गेले,” त्या म्हणाल्या. “आक्ख्या संसारात ह्या मानसाला माझ्यासाठी खोटं बोलताना पयल्यांदाच बघत व्हते.”