काटेमास्तरांचा मरणोत्तर सत्कार

एका जंगलात, मुलांनो, एक हायस्कूल होतं. हसू नका. जंगलातही मुलं असतात आणि त्यांनाही दुपारपर्यंत कुठेतरी बसवून ठेवावं लागतं.

या हायस्कूलला पन्नास वर्षं झाली. नदीपलीकडच्या शाळेने नुकताच आपल्या जुन्या खेळाडूंचा थाटात सत्कार केला होता. तो पाहून आल्यापासून मुख्याध्यापिका टिटवीबाईंना चैन पडेना. त्यांनी लगेच सत्कार समिती नेमली. अध्यक्ष म्हणून मुसंडीराव रानडुकरांना घेतलं. मैदानावर ते रोज लोळायला येत, त्यामुळे बैठकीला त्यांना वेगळं बोलवावं लागत नसे.

असं ठरलं, की शाळेच्या उत्कृष्ट माजी खेळाडूंची आणि क्रीडाशिक्षकांची नावं एका दगडावर कोरायची. दगड मोठा मिळाला. आता नावं हवी होती.

जुनी नोंदवही काढली, तर ती वाळवीने खाल्लेली.

"कोण पहिलं आलं होतं ते आता कसं कळणार?" टिटवीबाई म्हणाल्या.

"मला आठवतं ना," मुसंडीराव म्हणाले. "टेकडीच्या शर्यतीत मी धावलो होतो."

"मलाही आठवतं. पण तुम्ही उलट्या दिशेने धावला होतात. टेकडीवरून डरकाळी ऐकू आली होती."

"धावलो होतो की नाही?"

टिटवीबाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'धावले होते.'

ही बातमी काटेमास्तरांच्या कानावर गेली. काटेमास्तर म्हणजे शाळेचे जुने क्रीडाशिक्षक. जातीचे साळिंदर. त्यांना स्वतःला फारसं धावता येत नसे. पण दुसऱ्याचा पाय कुठे चुकतो, ते त्यांना अचूक दिसे. तीस वर्षं ते मैदानाच्या वळणावर उभे राहिले आणि मुलांचे पाय पाहत राहिले. शाबासकी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. फार खूश झाले, तर ते गप्प बसत.

मास्तर अंगावरचे काटे नीट बसवून शाळेत आले.

"मला एक नाव सुचवायचंय," ते म्हणाले. "तांबू हरिणी. टेकडीची शर्यत तिने चार वर्षं जिंकली. तिच्यासारखी धावणारी या शाळेत झाली नाही."

"छान," टिटवीबाई म्हणाल्या. "सध्या काय करते?"

"धावते."

टिटवीबाईंनी लेखणी खाली ठेवली. "अजून?"

"रोज. ओढ्यापलीकडे बिबट्या राहतो ना. तो रोज तिच्या मागे लागतो."

"मग ती माजी खेळाडू कशी? आपल्याकडे सत्कार माजी खेळाडूंचा आहे. धावणं सोडलं असेल, तरच नाव घेता येतं."

"आता मला बघा," मुसंडीराव म्हणाले. "मी त्या दिवसानंतर एक पाऊल धावलो नाही."

मास्तर गप्प राहिले. हे गप्प राहणं निराळं होतं.

"आणि मास्तर, तुम्ही?" टिटवीबाईंनी विचारलं. "शिकवणं बंद केलंत ना?"

"कुणी विचारायला आलं, तर सांगतो."

"मग तुमचीही अडचणच आहे," त्या म्हणाल्या. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. शाळेत असताना मास्तरांनीच त्यांचे पाय सुधारले होते. "तुमचं मी बघते काहीतरी. समारंभाला मात्र नक्की या."

मास्तर तिथून थेट ओढ्यापलीकडे गेले. तांबू गवतात उभी होती. कान टवकारलेले, चरणं अर्धवट.

"तांबू," ते म्हणाले, "धावणं सोडल्याचं समितीला दाखवता आलं, तर तुझं नाव दगडावर लागेल."

"किती दिवस सोडावं लागेल?"

"समारंभ होईपर्यंत. आठ दिवस."

तांबूने मान खाली घातली. मास्तरांनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"मास्तर, तुमच्यासाठी मी थांबलेही असते," ती म्हणाली. "पण बिबट्याला काय सांगू? आठ दिवसांनी ये म्हणू?"

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. आपण काय मागायला आलो, हे त्यांना तेव्हा कळलं. "राहू दे," ते म्हणाले. "मला म्हातारपणी काहीतरी सुचतं." आणि ते घाईने परत फिरले. साळिंदराला जमेल तेवढ्या घाईने.

समारंभाचा दिवस उजाडला. मैदानावर मंडप उभा राहिला. सगळं जंगल जमलं. पहिला सत्कार अर्थातच अध्यक्षांचा झाला. मुसंडीरावांच्या गळ्यात जाईजुईचा भलामोठा हार पडला, आणि टेकडीच्या शर्यतीत ते किती जोरात धावले होते, हे टिटवीबाईंनी सांगितलं. दिशा सांगितली नाही.

मग त्या म्हणाल्या, "आता आपल्यातून गेलेल्या एका थोर शिक्षकासाठी दोन मिनिटं उभं राहूया."

सगळे उभे राहिले. काटेमास्तर तिसऱ्या रांगेत होते, तेही उभे राहिले. कोण बरं गेलं असेल, या विचाराने त्यांना वाईट वाटलं. मान खाली घालून त्यांनी दोन मिनिटं मनापासून पाळली.

"उत्कृष्ट क्रीडाशिक्षक, मरणोत्तर," टिटवीबाईंनी जाहीर केलं, "काटेमास्तर."

मास्तर हळूहळू पुढे गेले. "बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी जिवंत आहे."

"ते मला ठाऊक आहे," टिटवीबाई तितक्याच हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण हयात असलेल्यांत तुम्ही नियमात बसत नव्हता. मरणोत्तर म्हटलं की कुणी हरकत घेत नाही. पत्रिकेतही तसंच छापलंय. आता तुम्ही नातेवाईक म्हणून शाल घ्या."

"कुणाचा नातेवाईक?"

"कैलासवासींचा."

मास्तरांच्या खांद्यावर शाल घातली. ती काट्यांत अडकली आणि एका बाजूला लोंबत राहिली. मग त्यांना नातेवाइकांच्या वतीने दोन शब्द बोलायला सांगितलं.

मास्तरांनी आधी लोंबणारी शाल सावरून पाहिली. मग म्हणाले, "गेलेला मास्तर फार मोठा होता, असं मला वाटत नाही. मी त्याला जवळून ओळखत होतो. त्याला पळता येत नव्हतं आणि गोडही बोलता येत नव्हतं. पण त्याच्या हातून एक धावणारी घडली. तिचं नाव तांबू. ते तुमच्या दगडावर नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो."

नेमक्या त्याच वेळी मंडपाच्या कडेने तांबू गेली. तांबडी रेघ ओढल्यासारखी गेली, ओढ्यावरून उडाली आणि करवंदीच्या जाळीआड दिसेनाशी झाली. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या मध्येच थांबल्या, कारण मागून बिबट्या आला.

तो मंडपात येऊन थांबला. जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या. कुणी जागचं हललं नाही.

"दमलो मी," बिबट्या म्हणाला. "तीन वर्षं झाली. या हरिणीमागे मी आता धावणार नाही. आज सोडलं."

टिटवीबाईंना भीती वाटत होती, पण नियम तोंडपाठ होते. "म्हणजे," त्या अडखळत म्हणाल्या, "आपण माजी झालात."

मुसंडीराव बिबट्याच्या सगळ्यांत जवळ उभे होते. त्यांचं डोकं फार वेगाने चाललं. "आणि बाई, या जंगलाला धावायला शिकवलं कुणी?" ते म्हणाले. "हरणं धावतात, ससे धावतात, ते कुणामुळे? उत्कृष्ट क्रीडाशिक्षक हेच." त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून बिबट्याच्या गळ्यात घातला.

प्रचंड टाळ्या पडल्या. सशांनी तर उभं राहून वाजवल्या.

बिबट्याने हार हुंगला. मग मुसंडीरावांना हुंगलं. "मी काही बोलत नाही," तो म्हणाला. "फक्त अध्यक्षांना घरापर्यंत सोडतो." कुणी नको म्हटलं नाही.

त्या दगडावर आज पहिलं नाव बिबट्याचं आहे. मुसंडीरावांचं नाव दोनदा आहे. एकदा उत्कृष्ट माजी खेळाडू म्हणून आणि एकदा मरणोत्तर.

आणि काटेमास्तर? सगळे पांगल्यावर ते ओढ्यावर गेले. तांबू पाणी पीत होती.

"मंडपाजवळ वळून पाहिलंस," मास्तर म्हणाले. "अर्धं पाऊल गेलं."

"तुम्ही माझं नाव घेत होतात."

"कुणी नाव घेतलं, तर बघत बसायचं नाही."

"बरं," तांबू म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मास्तर, उद्या सकाळी येता का? उजवीकडे वळताना मागचा पाय घसरतो."

"दिसलं मला," मास्तर म्हणाले. "येतो."

मग दोघं काही न बोलता बराच वेळ पाण्याजवळ बसून राहिली.

तात्पर्य: मुलांनो, उत्कृष्ट खेळाडू व्हायचं असेल, तर लवकर थांबायला शिका. उत्कृष्ट शिक्षक व्हायचं असेल, तर दात वाढवा. नुसतं मन लावून शिकवत राहिलात, तर सत्कार मिळणार नाही. फार फार तर एखादा विद्यार्थी मिळेल.