‘ढवळा’ या शब्दाचे कुलूप फोडिल्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी ठाणे प्रांती जे युद्ध जाहले, त्यात तोफ वाजली नाही, घोडा दौडला नाही, फक्त पोह्यांचा लगदा जाहला. परंतु पुढिलांनी ही गोष्ट खोटी म्हणू नये, सबब जैसे घडले तैसे, तिखटमीठ न लावता, लिहून ठेविले आहे.

मौजे बाळकुम येथील एका संकुलात, चौदावे मजल्यावर, राजेश्री ऋतुराज यांचे कुटुंब वज्रचुडेमंडित संचिताबाई राहात, आणि घरबसल्या इंग्रजीचे मराठी करून देत. अकरा वर्षांत विम्याची पत्रके, औषधांचे कागद, गिझरचे इशारे ऐसा मोठा मुलूख बाईंनी सर केला. परंतु कोठे नाव म्हणोन छापले नाही. मग एका यंत्रकंपनीने विजेवर चालणारे बोलके पातेले काढिले, ते पाककृती तोंडाने सांगे, आणि त्याची वाणी मराठीत आणावयाचे काम बाईंस मिळाले, आणि पुस्तिकेच्या अखेरच्या पानी भाषांतरकाराचे नाव छापू, ऐसा करारही जाहला. बाईंस आनंद मावेना. पान कोरे असतानाच त्यांनी त्यावर आपले नाव दहा वेळा मनात वाचिले.

आता या कामाचा दस्तूर ऐसा, की आरंभी शब्दांची यादी करावी, एका इंग्रजी शब्दास एकच मराठी शब्द नेमावा, ‘मंजूर’ म्हणोन कळ दाबावी, आणि मग त्या शब्दास कुलूप पडावे. पुढे दुसरा शब्द लिहिला की पडद्यावर तांबडी रेघ उठे. यादीत ‘स्टर’ ऐसा शब्द आला, आणि बाईंनी क्षणाचाही विचार न करिता पुढे ‘ढवळा’ लिहिले आणि कळ दाबिली. कारण बाईंचे स्वयंपाकघराशी दळणवळण चहापुरते, आणि चहा ढवळितात हे खरेच.

पाककृती पुऱ्या जाहल्या आणि परीक्षेसाठी एक पातेले घरी आले. बाईंच्या सासूबाई मातुश्री हौसाबाई यांनी ते ताब्यात घेतले. हौसाबाई म्हणजे कोपरीच्या नामांकित. तीस वर्षे पस्तीस जणांचे डबे पोहोचविले, आणि एकही डबा अन्न उरून परत आला नाही, ऐसा लौकिक. पातेले बोलू लागले. फोडणीत कांदा घाला, ढवळा. भिजवलेले पोहे घाला, ढवळा. आणखी ढवळा. मातुश्रींनी यंत्राची परीक्षा घ्यावयाची म्हणोन हट्टाने अक्षरशः तैसेच केले, आणि मग ताटलीत जे पडले त्यास पोहे म्हणवेना.

“अगं संचिता, पोहे कुणी ढवळतं का गं? हे लिहिलं कुणी?”

बाई म्हणाल्या, “मीच लिहिलंय, आई.”

हौसाबाईंनी ताटली बाजूस सारिली, आणि फर्मावले की वही आण आणि ओट्यापाशी बैस. मग कांदा परततात, पोहे उलथन्याने हलक्या हाताने खालीवर करितात, वरण शिजले की रवीने घोटतात, पिठले हाटतात, कोशिंबीर कालवितात, खीर तळाला लागू नये म्हणोन हलवीत राहतात, ताक घुसळितात, आणि ढवळितात तो चहा किंवा सरबत, ऐसे एकेक हात करून दाखविले. बाईंनी पाहिले की प्रत्येक शब्दागणिक सासूबाईंचे मनगट निराळे वळते. त्रेचाळीस ठिकाणी ‘ढवळा’ होते, आणि त्यातील जेमतेम पाच ठिकाणी ते खरे होते. बाईंस शरम वाटली, आणि सासूबाईंचा अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदमच वाटले.

मग कंपनीचे मराठी प्रांताचे सुभेदार, डोंबिवलीकर प्रशांतराव, यांजकडे अर्जी रवाना जाहली. फोनवरोन जबाब आला, तो ऐसा.

“मॅडम, लॉक झालाय तो शब्द. तुम्हीच अप्रूव्ह केलेला ना? आता एवढ्यासाठी हेड ऑफिसला कोण समजावणार? लोक घेतात हो समजून.”

आणि हुकूम सोडिला की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काम दाखल करावे, न केल्यास ते दुसऱ्यास देण्यात येईल आणि नावही त्याचेच छापण्यात येईल. बाईंपुढे मोठा पेच पडिला. माघार घ्यावी तर नाव गेले, आणि काम तैसेच द्यावे तर अवघ्या महाराष्ट्राच्या पोह्यांचे पाप त्याच नावावर.

तेव्हा सासूसुनेची मसलत जाहली, आणि ठरले ते ऐसे, की सुभेदारांस बुधवारी जेवावयास बोलवावे आणि पातेले सांगेल तैसेच रांधून वाढावे. मसलत बाईंची. हौसाबाई प्रथम साफ नाही म्हणाल्या, कारण बिघडलेले अन्न जाणोन पाहुण्याच्या पानात वाढणे त्यांस ठाऊक नव्हते. अर्धा तास त्या गॅलरीत खाडीकडे तोंड करून बसल्या. मग उठोन पदर खोचला आणि बटाटे काढिले.

बुधवारी भर दुपारी प्रशांतरावांची स्वारी दाखल जाहली. पानात वरण होते, त्यात डाळ तळाशी आणि पाणी वर. भात होता, तो ढवळून ढवळून खिमट जाहलेला. बटाट्याच्या भाजीत बटाटा कोठे संपतो आणि कांदा कोठे लागतो याचा पत्ता नव्हता. प्रशांतराव खानदानी गृहस्थ, वडीलधाऱ्या बाईसमोर पानात टाकणे त्यांस ठाऊक नाही, सबब छान झालंय म्हणोन ते लढत राहिले. पान रिते होताच मातुश्रींनी आग्रहाचे मोर्चे लाविले. भात पुन्हा आला, आणि मग वरण आले, आणि नको नको म्हणता हाताच्या फटीतून भाजी आली. वाढताना हौसाबाईंची मान खाली होती आणि ओठ मिटलेले होते, हे फक्त संचिताबाईंनी पाहिले, आणि हा डाव आपण का मांडला ऐसे त्यांस होऊन गेले.

तिसऱ्या वाढणीस सुभेदारांचा धीर सुटला.

“काकू, राग मानू नका, पण हे असं कसं झालंय?”

बाईंनी पातेल्याची कळ दाबिली, आणि पातेले गोड आवाजात बोलू लागले. वरण, आता ढवळा. भात, आता ढवळा. भाजी, आता ढवळा. प्रशांतरावांनी हातातील घास खाली ठेविला.

“हेच माझी आई ऐकणार,” ते हळूच म्हणाले, आणि हात धुवोन लॅपटॉप उघडिला.

परंतु कुलपाचा कायदा कठीण. ज्याने शब्द मंजूर केला त्याने आपली चूक आपल्या नावानिशी लिहून दिल्यावाचोन ते उघडत नाही, आणि ती नोंद कंपनीच्या दफ्तरी कायम राहते. प्रशांतराव म्हणाले की तांत्रिक अडचण ऐसे काही घालू, बघतो मी. बाईंनी नकार दिला. अकरा वर्षांत जे नाव कोठे लागले नव्हते, ते बाईंनी प्रथम आपल्या चुकीखाली लिहिले, पुरते, आडनावासह, आणि कुलूप उघडिले.

मग हौसाबाईंनी पातेले ओट्यावरोन उचलून भिंतीशी ठेविले, आणि लोखंडी कढई चढविली, आणि कांदा परतला, आणि पोहे खालीवर केले, वर खोबरे-कोथिंबीर पेरली, आणि पोटात तसूभर जागा नसता प्रशांतरावांनी ती बशी चाटूनपुसून खाल्ली. मातुश्रींच्या चेहऱ्यावर तेव्हा कोठे रंग आला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ‘ढवळा’ याजकडे पाच ठिकाणे राहिली, आणि बाकी अडतीस ठाणी परता, घोटा, हाटा, कालवा, हलवा, घुसळा आणि खालीवर करा या सातांनी आपापसांत वाटून घेतली, आणि पडद्यावर एकही तांबडी रेघ उरली नाही, आणि पुस्तिकेत नाव छापिले गेले. खर्ची काय पडले तेही लिहिणे प्राप्त आहे. हौसाबाईंच्या हातचे पान बेचव लागले, ऐसे कोपरीपासोन बाळकुमपर्यंत अवघ्या मुलखात एकदाच घडले, आणि ते सुनेच्या शब्दापायी घडले. ही नोंद कायम असावी.